धान्याची धारण व दुष्काळाची पूर्वतयारी

वकिलीच्या धंद्यांत असलेल्या मनुष्यास टंचाईची वर्दी वर्तमानपत्रांच्या आधीं स्टँपाच्या कागदावरून मिळते. पावसानें दगा दिला कीं जमिनी गहाण टाकणाऱ्यांची व विकणाऱ्यांची रीघ कचेरीच्या ओट्यावर लागते. मराठवाड्यांत २०१४ व २०१५ अशीं दोन वर्षें लागोपाठ अवर्षण पडलें, तेव्हां दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास एक वृद्ध शेतकरी आपल्या मुलासह माझ्याकडे आला. दोन एकरांचें खरेदीखत करून द्यावयाचें होतें. घरांत सात माणसें, आणि खाण्यास कांहीं उरलें नव्हतें. “बाबा, गांवांत ज्वारी मिळत नाहीं काय?” असें मीं विचारलें. तो म्हणाला, “ज्वारी हाय की, वकीलसाहेब. दुकानात थप्पी लागलीय. घ्यायला पैसा न्हाई.”

त्याच्या या उत्तरांत दुष्काळाचें सर्व मर्म आहे, असें मला तेव्हांपासून वाटत आलें आहे. समितीच्या या वृत्तांताच्या निमित्तानें तें थोडें विस्तारानें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

दुष्काळ म्हणजे धान्य संपणें, अशी सामान्य समजूत आहे. अनुभव निराळा आहे. पाऊस गेला कीं प्रथम शेतावरील काम थांबतें व मजुराची मजुरी बुडते. त्याच सुमारास धारण, म्हणजे धान्याचा बाजारभाव, चढूं लागते. कारण ज्याच्याजवळ धान्य आहे तो तें अडवून धरतो, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो भीतीनें गरजेहून अधिक विकत घेतो. मग गरीब मनुष्य बैल, शेळ्या, भांडीं व शेवटीं जमीन बाजारांत आणतो. परंतु सगळेच विकणारे झाल्यामुळें त्या वस्तूंचा भाव कोसळतो. विकावयाचें तें स्वस्त आणि घ्यावयाचें तें महाग, अशा कात्रींत सांपडून कुटुंबें उध्वस्त होतात. कोठारें भरलेलीं असतांनाही हें घडूं शकतें.

१८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळांत हेंच झालें. सरकारी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर आणण्यांत आली, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. १८८० सालच्या दुष्काळ कमिशननेंही हें मान्य केलें कीं, अवर्षणाचा पहिला घाव मजुरीवर पोट असणाऱ्यांवर पडतो. तरीही १९४३ सालीं बंगालमध्यें तीच चूक भोंवली. कलकत्त्यांत डिसेंबर १९४२ मध्यें मणास तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ मे १९४३ मध्यें तीस रुपयांवर गेला. शेतमजूर व कोळी यांची कमाई त्या मानानें वाढली नाहीं. चौकशी कमिशननें सुमारें १५ लक्ष मृत्यु मोजले. पुढील अभ्यासकांचे अंदाज याहून पुष्कळ मोठे आहेत. त्या सालचा तेथील तांदळाचा पुरवठा १९४१ सालाहून कमी नव्हता, असें अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत आंकड्यांनिशीं मांडलें आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचें आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांस अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, खडी फोडण्याचीं व नालाबंडिंगचीं कामें, आणि कामावर वांटलेली सुकडी हीं अद्याप आठवतात. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत जवळजवळ ५० लक्ष माणसें अशा कामांवर होतीं. हाल झाले, जनावरें गेलीं. परंतु पूर्वींच्या दुष्काळांप्रमाणें माणसांचा संहार झाला नाहीं, कारण मजुरीचा पैसा घरांत येत राहिला. त्या अनुभवावरूनच महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. सबब, टंचाईची तयारी करावयाची म्हणजे धान्य व तें घेण्याची ऐपत या दोहोंची तयारी करावयाची, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. ती तीन ठिकाणीं करावी लागते: घरांत, गांवांत आणि कचेरींत.

घरांत करावयाचें तें सुगींत करावें. रब्बी ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास बाजारांत येते, गहूं त्यामागोमाग. तेव्हां घेतलेलें धान्य पावसाळ्यांत घेतलेल्या धान्याहून बहुधा स्वस्त पडतें. एकदम घेण्याची शक्ति नसल्यास दर आठवड्याच्या बाजारीं दोन पायल्या अधिक घ्याव्या. धान्य दाताखालीं कट्कन् फुटेपर्यंत उन्हांत वाळवावें, निंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि कणगी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी. सांठा अख्ख्या दाण्याचा करावा. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. बियाणें वेगळें बांधून ठेवावें व शेवटपर्यंत त्यास हात लावूं नये. आणि एकदां टंचाईची आवई उठल्यावर दुकानावर धांव घेऊं नये. सुगींतील सांठा भाव सांवरून धरतो. टंचाईंतील सांठा भाव पेटवितो, आणि त्याची झळ शेजारच्या झोंपडीस लागते.

गांवांत करावयाचें तें सर्वांनीं मिळून करावें. सवाई-दिढीनें धान्य उसनें घेण्याची चाल आपणांस ठाऊक आहे. एक क्विंटल नेणारा सुगी होतांच सव्वा किंवा दीड क्विंटल परत करतो. म्हणजे चारसहा महिन्यांत शेंकडा पंचवीस ते पन्नास व्याज झालें. यावर उपाय म्हणजे गांवची सामाइक कोठी. सुगींत प्रत्येक घरानें ऐपतीप्रमाणें धान्य घालावें, अडचणींत उचलावें, व घट भरून निघेल एवढीच वाढ देऊन परत करावें. हिशोब चावडीवर सर्वांसमक्ष वाचावा. पूर्वीं पेवांत धान्य राखणारे आपले वाडवडील हेंच शहाणपण जाणत होते.

कचेरींत करावयाचें तें मात्र आपण अगदींच विसरतों. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो, आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य मिळतें. शिधापत्रिकेसाठीं कुटुंबप्रमुख म्हणून घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीस धरण्याची तरतूद आहे. हक्काचें धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता मागतां येतो. तक्रार जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व त्यावर राज्य अन्न आयोगाकडे नेतां येते. शिधापत्रिका नाहीं एवढ्याच कारणावरून दुष्काळी भागांत कोणास धान्य नाकारूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं बजाविलें होतें. व्यापाऱ्यांच्या सांठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यानें सरकारास आहे. काम मागावयाचें असो कीं धान्य, अर्ज लेखी करावा व पोंच घ्यावी. पोंच नसलेली मागणी कोणत्याही न्यायासनापुढें उभी राहात नाहीं.

आतां त्या वृद्ध गृहस्थाविषयीं. त्याची शिधापत्रिका मीं पाहिली. सात माणसांपैकीं दोघांचींच नांवें तींत होतीं. दोन्ही सुना व तिन्ही नातवंडें लिहावयाचीं राहून गेलीं होतीं. घराच्या वांट्याचें बरेंचसें धान्य वर्षानुवर्षें आलेंच नव्हतें, आणि त्याची कोणास कल्पनाही नव्हती. अर्ज करून नांवें चढविलीं. परंतु त्यास कांहीं महिने लागले, आणि तोंवर पोट थांबत नाहीं. दोनपैकीं एक एकर विकली गेली, एक वांचली. तो खरेदीचा कागद माझ्याच हातचा आहे. हा मनुष्य पावसाळ्यापूर्वीं आला असता तर दोन्ही एकर वांचले असते, ही टोंचणी मला अद्याप आहे.

म्हणून वाचकांस विनंति आहे कीं, समितीस धान्य व पैसा तर द्यावाच, आणि तो सुगींतच द्यावा, कारण तेव्हां एका रुपयाचें अधिक धान्य येतें. परंतु ज्यांस लिहितां-वाचतां येतें त्यांनीं याहून एक गोष्ट अधिक करावी. आपल्या आळींतील पांच घरांच्या शिधापत्रिका या उन्हाळ्यांत मागून पाहाव्या, माणसें व नांवें ताडून घ्यावीं, आणि जेथें उणें असेल तेथें अर्ज लिहून द्यावा. या दानास पैसा पडत नाहीं. वेळेवर लिहिलेल्या एका अर्जानें कोणाची तरी एक एकर वांचेल.