मासेमारी नाव, हलकी

एका किंवा दोन माणसांना डोक्यावर अथवा खांद्यावर उचलून पाण्यापर्यंत नेता येणारी, गाड्याची वा धक्क्याची गरज नसलेली लहान नाव. नद्या, तलाव व जलाशय यांतील मासेमारीत ती जगाच्या अनेक भागांत वापरली जाते. तिची सज्जता, म्हणजे तीवर कोणते साहित्य किती व कोठे ठेवावयाचे हे ठरविणे, ही मोठ्या नावेच्या सज्जतेहून निराळी बाब आहे. कारण प्रत्येक वस्तूचे वजन एकदा जमिनीवर माणसाला व पुन्हा पाण्यावर नावेला पेलावे लागते.

प्रकार : वेल्समधील ‘कोरॅकल’ ही कामट्यांच्या सांगाड्यावर आवरण चढविलेली नाव कोळी पाठीवर घेऊन चालतो. ‘आपली नाव हेच माणसाचे ओझे’ अशा अर्थाची वेल्श म्हण तीवरूनच पडली. दक्षिण भारतातील हरिगोल ही बांबूच्या विणीची गोल नाव याच जातीची होय. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील अशा चामड्याने मढविलेल्या नावांचे वर्णन केले आहे. मराठवाड्यातील जलाशयांत थर्माकोलचा तराफा (स्थानिक नाव चप्पू) व हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबा यांचाही वापर होतो.

उपयोगाची कारणे : १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात अनेक पाझर तलाव बांधले गेले. छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील करमाडसारख्या अवर्षणप्रवण भागात असे लहान तलाव उन्हाळ्यापूर्वीच आटू शकतात व मच्छीमाराला नाव घेऊन दुसरे पाणी गाठावे लागते. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा नाथसागर हा जलाशय विस्तीर्ण (सु. ३५० चौ. किमी.) पण उथळ आहे. त्याचा काठ सपाट असल्याने पाणी ओसरताना तो दूर सरकतो व मध्ये काळ्या मातीचा गाळ उरतो. गाळात गाड्याची चाके रुततात. हलकी नाव मात्र उचलून वा ओढून नेता येते.

भारक्षमता : प्रत्येक लिटर विस्थापित पाण्यामागे सु. १ किग्रॅ. भार तोलला जातो. थर्माकोलची घनता साधारणतः दर घ. मी.ला १५ ते ३० किग्रॅ. असते. दोन मी. लांब, एक मी. रुंद व १२·५ सेंमी. जाड तराफ्याचे घनफळ २५० लिटर भरते. तो पूर्ण बुडेपर्यंत लादणे धोक्याचे असल्याने निम्मी जाडी पाण्याबाहेर ठेवल्यास एकूण १२५ किग्रॅ. वजन पेलते. त्यातून माणसाचे ६०, बांबू व आच्छादनासह तराफ्याचे २० आणि ओली जाळी, दोर व नांगर यांचे १५ किग्रॅ. वजा जाता पकडीसाठी ३० किग्रॅ. उरतात. दुसरा माणूस बसविण्यास येथे जागा नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

सज्जता : थर्माकोल उन्हाने ठिसूळ होतो व त्याचे मणी सुटून पाण्यात पसरतात, म्हणून त्यावर बारदान वा ताडपत्री घट्ट शिवतात आणि कडांना बांबू बांधतात. पेट्रोलमध्ये तो विरघळत असल्याने इंधनाचा डबा त्यावर ठेवणे अयोग्य ठरते. बैठक मध्यभागी व शक्य तितकी खाली ठेवतात. उभे राहिल्यास गुरुत्वमध्य वर जाऊन नाव कलंडते. वल्हे आखूड असते व ते दोरीने नावेस बांधतात.

नांगरासाठी लोखंड वाहून नेण्याऐवजी काठावरचा दगड किंवा मातीने भरलेले पोते वापरल्यास जमिनीवरील ओझे वाचते. दोर मात्र टोकाला बांधावा. बाजूला बांधल्यास वाऱ्याच्या ताणाने ती कड पाण्यात ओढली जाते.

नायलॉनचे जाळे पाण्यात असता त्याचे वजन फारसे जाणवत नाही. वर ओढताना मात्र जाळे, त्यातील पाणी व अडकलेले रोहू, कटला वा मृगळ यांचा सर्व भार एकाच कडेवर येतो. म्हणून ते टोकाकडून थोडेथोडे ओढून मध्यभागी घेतात. जाळे बुडालेल्या झाडाच्या खुंटात अडकल्यास ते कापण्यासाठी सुरी हाताशी लागते. सुरीचे वजन नगण्य असते. परंतु ती नसल्यास मच्छीमार जाळे वाचविण्याच्या प्रयत्नात नावेसह उलटू शकतो.

सुरक्षितता : ओझे कमी करताना प्रथम वगळले जाते ते बहुधा तरंगजाकीट, वास्तविक ते सर्वांत शेवटी वगळावयाचे साहित्य होय. ते नसल्यास पाच लिटरचे दोन रिकामे, झाकण घट्ट बसविलेले कॅन अंगाला बांधल्याने सु. १० किग्रॅ. उत्प्लावक बल मिळते. मात्र बेशुद्ध माणसाचे तोंड त्यामुळे पाण्याबाहेर राहीलच असे नाही. विस्तीर्ण उघड्या जलाशयावर वाऱ्याने लवकर लाटा उठतात आणि हलकी नाव वल्ह्याच्या बळावर वाऱ्याविरुद्ध फारशी सरकत नाही. म्हणून वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असता ती काठापासून दूर नेत नाहीत. जी नाव माणूस सहज उचलतो, ती वाराही तितक्याच सहज ढकलतो. हलकेपणा हाच तिचा मुख्य गुण व तीच तिची मर्यादा होय.