अपग्रेडनंतर – भाग ७ : न आलेली १२.३

फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या सुपरब्लॉकच्या राखीव प्रती डिस्कवर कुठे दडलेल्या असतात ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतोय. कारण गेल्या भागानंतर आलेलं एक पत्र. त्यात एवढंच विचारलंय : ‘अपग्रेड केलं, मग फाइल सिस्टिम तपासणारं एफएससीके चालवलं, सगळं क्लीन आलं. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?’

हरकत आहे. आणि का आहे, हे सांगायला माझ्याकडे एक लाडकी गोष्ट आहे. खरं तर ती सांगायला मी निमित्तच शोधत होतो.

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन लिनक्स १२ची तिसरी दुरुस्त आवृत्ती, १२.३, त्या दिवशी यायची होती. नवी पॅकेजेस सर्व्हरवर पोचलीसुद्धा होती. आणि ऐनवेळी डेबियनने इन्स्टॉल करायच्या इमेजेस रोखल्या, लोकांना सांगितलं की तूर्त अपग्रेड करू नका. कारण सोबत आलेला कर्नल ६.१.६४ ईएक्सटी-फोर या फाइल सिस्टिमवरच्या फाइलींचा डेटा बिघडवतो असं लक्षात आलं होतं. माझ्या घरच्या बॅकअपच्या मशिनने तोवर आपण होऊन अपग्रेड उरकूनही घेतलं होतं. मी मात्र आळशीपणाने रीबूट केलं नव्हतं. नवा कर्नल डिस्कवर येऊन पडला होता, चालत होता तो जुनाच. आळस कधी नव्हे तो कामी आला.

आता गंमत बघा. ज्या पॅचने हे झालं, तो मुळात डेटा अधिक सुरक्षित करण्यासाठी लिहिला होता. काही प्रोग्राम मधल्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कवर लिहितात. त्याला डायरेक्ट आयओ म्हणतात. त्यातही ‘डिस्कवर पक्कं उतरल्याशिवाय मला झालं म्हणून सांगू नकोस’ अशी अट घालता येते. असं लिहिताना फाइल वाढली, तर डेटा पक्का व्हायचा पण फाइलची वाढलेली लांबी पक्की व्हायची राहू शकायची. नेमकी तेव्हा वीज गेली की लिहिलेलं असूनही नसल्यासारखं. ही फट बुजवणारा तो पॅच. चांगला, विचारपूर्वक केलेला.

पण तो ज्या काळातल्या कर्नलसाठी लिहिला, त्यात आधीच एक बारीकसा बदल येऊन गेला होता. फाइलमध्ये आपण कुठवर आलो याची खूण कर्नल ठेवतो. वहीत नोंदी करताना आपण डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवतो ना, तसं. प्रत्येक नोंदीनंतर हे बोट पुढे सरकवायचं काम त्या बदलाने कोडमध्ये जरा खाली, नंतरच्या ओळींत नेलं होतं. नव्या पॅचने ते तिथे आहे असं गृहीत धरलं. ६.१ हा जुना, लांब मुदतीचा कर्नल. त्यात पॅच आणला गेला, आधीचा बदल मात्र आणायचा राहिला. परिणाम : नोंद होते, पण बोट जागचं हलत नाही. पुढची नोंद मागच्या नोंदीवरच. समजा एखाद्या प्रोग्रामने पाठोपाठ दहा तुकडे लिहिले, तर दहाही एकाच जागी, एकमेकांच्या उरावर. आणि कर्नल दर वेळी अगदी प्रामाणिकपणे सांगतो : लिहिलं, पूर्ण लिहिलं. लॉगमध्ये चुकीची एक ओळ नाही.

लिनक्स टेस्ट प्रोजेक्टची एक चाचणी नापास होऊ लागली, त्यावरून कर्नलचे एक विकासक यान कारा यांनी हे कारण शोधून काढलं.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. एफएससीके काय तपासतं? वहीची पानं क्रमाने आहेत का, अनुक्रमणिका जुळते का, एकच पान दोन प्रकरणांत गेलंय का. पानावर काय लिहिलंय ते ते वाचतच नाही. ईएक्सटी-फोर स्वतःच्या नोंदींचे चेकसम ठेवते, तुमच्या मजकुराचे नाही. त्यामुळे या बिघाडात फाइल सिस्टिम ठणठणीत आणि फाइल बरबाद! एफएससीकेचं ‘क्लीन’ खरंच होतं, तुमचा प्रश्न तेवढा वेगळा होता.

याच्या उलट २०१८चा कर्नल ४.१९. तिथे दोष ईएक्सटी-फोरच्या खालच्या थरात होता, डिस्ककडे मागण्या पोचवणाऱ्या कोडमध्ये. तिथे फाइल सिस्टिमची स्वतःची अनुक्रमणिकाच फाटायची, एफएससीके जिवाच्या आकांताने ओरडायचं, आणि शिव्या बसायच्या त्या बिचाऱ्या ईएक्सटी-फोरला. ४.१९.८मध्ये तो निस्तरला. मला विचाराल तर ओरडणारा बिघाड परवडला.

ज्यांना आपलं मशीन ६.१.६४च्या फेऱ्यात होतं का हे बघायचंय, त्यांनी एक चूक टाळावी. ‘यूनेम -आर’ विचारलं की डेबियन ६.१.०-१४ असं काहीतरी सांगतं, आणि माणूस म्हणतो, माझा तर ६.१.०, माझा काय संबंध? तो नुसता पॅकेजचा क्रमांक. खरा आकडा ‘यूनेम -व्ही’मध्ये शेवटाकडे असतो : ६.१.६४-१. पुढचा पॅकेज क्रमांक १५, त्यात ६.१.६६, तो या दोषापुरता दुरुस्त. (त्याने काहींचं वायफाय आडवं केलं, म्हणून लगेच ६.१.६७ काढावा लागला. असो.)

६.१.६४वर खरोखर काही दिवस काढले असतील, तर त्या दिवसांत लिहिल्या गेलेल्या मोठ्या फाइली उघडून बघा, जुन्या प्रतीशी ताडून बघा. त्या दिवसांत घेतलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही इमानेइतबारे बिघडलेलीच जाते. आणि अपग्रेडनंतर जागा मोकळी करायच्या नादात जुना कर्नल लगेच काढू नका. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली तो दिसतो, अडचणीच्या दिवशी तेवढाच आधार.

त्या न आलेल्या १२.३ऐवजी डेबियनने दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ काढली.

सुपरब्लॉक पुढच्या आठवड्यात, नक्की. वाचकांनी तोवर एखादा जुना, रिकामा पेनड्राइव्ह शोधून ठेवावा. आपण तो मुद्दाम बिघडवणार आहोत.