डोक्यावरच्या तारा आणि महापालिकेचा अधिकार

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, अधूनमधून एक जाहीर सूचना छापून येते. अमुक उपकेंद्रापासून तमुक उपकेंद्रापर्यंत अतिउच्चदाब वाहिनी टाकण्यात येणार असून ती पुढील गावांतून व शहरांतून जाईल, कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, असा तिचा मजकूर असतो. ही सूचना वाचणारे थोडेच. पुढे केव्हातरी सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत मनोऱ्याच्या पायासाठी खड्डा खणला जाऊ लागला, की रहिवासी नगरसेवकाकडे आणि नगरसेवक महापालिकेकडे धाव घेतो. 'हे आमच्या अखत्यारीत नाही,' असे उत्तर तेथे बहुधा मिळते. हे उत्तर पूर्णपणे खरे नाही आणि पूर्णपणे खोटेही नाही.

वीज कायदा, 2003 च्या कलम 68 नुसार उघड्या तारांच्या वाहिनीसाठी सरकारची पूर्वसंमती लागते. कलम 164 नुसार सरकार वीज पारेषण कंपनीला तारखात्याचे अधिकार बहाल करू शकते. हे अधिकार 1885 च्या भारतीय तार कायद्यातले. तारा गेल्या, तारखातेही गेले. पण 2023 च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा मोडीत काढताना त्याचा तिसरा भाग वीजवाहिन्यांपुरता आवर्जून जिवंत ठेवला. त्यामुळे एकविसाव्या शतकातील महानगरांवरून जाणाऱ्या तारांचे भवितव्य आजही राणीच्या राज्यातील शब्दांवर ठरते.

या कायद्यानुसार खासगी जमिनीवर मनोरा उभारण्यासाठी मालकाची संमती लागत नाही. त्याने अडथळा आणल्यास जिल्हा दंडाधिकारी कंपनीला मोकळीक देऊ शकतात. मालकाला मिळते ती नुकसानभरपाई. मात्र कलम 10 मध्ये एक अपवाद आहे. रस्ता, उद्यान, क्रीडांगण अशी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या ताब्यातील मालमत्ता असेल, तर त्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी देताना खर्चाबाबत, तसेच कामाची वेळ आणि पद्धत यांबाबत वाजवी अटी घालण्याची मुभा कलम 12 देते. पालिका आणि कंपनी यांचा वाद झालाच, तर तो केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातो. म्हणजे महापालिकेला वाहिनी हवी की नको हे ठरवता येत नाही, पण ती शहरातून कशी जाईल यावर बोलता येते. हे बोलणे सभागृहात व्हावे, अशी अपेक्षा असते. 2022 पासून काही वर्षे राज्यातील बहुतेक महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. तेव्हा सभागृहच नव्हते.

नव्या वाहिनीपेक्षा जुन्या वाहिनीची क्षमतावाढ हा अधिक नाजूक विषय आहे. मार्ग तोच, म्हणून कोणाला काही वेगळे वाटत नाही. पण 110 किलोव्होल्टची वाहिनी 220 किलोव्होल्टची झाली, की हिशेब बदलतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार 33 किलोव्होल्टपर्यंत इमारतीच्या माथ्यापासून तारेचे उभे अंतर किमान 3.7 मीटर आणि आडवे अंतर 2 मीटर हवे. त्यापुढे प्रत्येक 33 किलोव्होल्टला 30 सेंटिमीटर वाढवायचे. या सूत्राने 110 किलोव्होल्टला 4.6 व 2.9 मीटर, तर 220 किलोव्होल्टला 5.5 व 3.8 मीटर अंतर लागते. फरक फक्त 90 सेंटिमीटरचा. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे किंवा वाढीव पत्र्याच्या शेडचे भवितव्य ठरायला तेवढा पुरेसा असतो. शिवाय हे अंतर तार उन्हाने आणि भाराने जास्तीत जास्त खाली झुकलेली असताना, आणि वाऱ्याने जास्तीत जास्त बाजूला झुललेली असताना मोजायचे असते. थंडीतल्या सकाळी टेप लावून नव्हे. वाहिनीखालची मोकळी पट्टीही साधारण 22 मीटरवरून 35 मीटरवर जाते. दाट वस्तीत ती कोठून आणायची, याचे उत्तर नकाशावर सोपे आणि जागेवर अवघड असते.

आरोग्याची भीती हा सर्वांत जास्त बोलला जाणारा, पण सर्वांत कमी समजलेला मुद्दा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये अशा वाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले, ते दीर्घकाळच्या सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक आढळल्यामुळे. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजवर नव्हे, तर तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते. तेवढीच वीज दुप्पट दाबाने नेली, तर प्रवाह निम्मा होतो. उलट मनोरे तेच ठेवून फक्त अधिक तापमान सोसणाऱ्या नव्या तारा चढवल्या, तर दाब न वाढताही प्रवाह खूप वाढू शकतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाकडे सहसा कोणी मान वर करूनही पाहत नाही. भूमिगत केबलचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, की केबलच्या अगदी माथ्यावर हे क्षेत्र उघड्या तारांखालच्यापेक्षा जास्त असू शकते. ते लवकर ओसरते, एवढेच. खर्च कित्येक पट आणि बिघाड शोधायला लागणारा वेळही मोठा.

तरीही वाहिन्या नकोतच, असे म्हणण्याची चैन शहरांना परवडणारी नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. मुंबईबाहेर वीज होती; ती आत आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या ठरल्या. खारघर-विक्रोळी ही 400 किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबईत आणखी 1000 मेगावॅट वीज आणण्याची सोय झाली. या वाहिनीच्या मार्गात खारफुटी होती, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. वस्ती असती तर? पर्यावरणीय आघाताच्या 2006 च्या अधिसूचनेत वीजवाहिन्यांचा समावेशच नाही. झाडांसाठी न्यायालयापर्यंतची वाट आखलेली आहे, घरांसाठी जाहीर सुनावणीची नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वेगळे चित्र दिसते. सिएटलजवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू, न्यूकॅसल आणि रेंटन या शहरांतून जाणारी, सुमारे 26 किलोमीटर लांबीची 115 किलोव्होल्टची वाहिनी 230 किलोव्होल्ट करण्याचा प्रस्ताव 'पजेट साउंड एनर्जी' या कंपनीने 2013 च्या अखेरीस मांडला. रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचे गाव. तेथे मराठी कुटुंबेही कमी नाहीत. वाहिनीच्या पट्ट्यातूनच पेट्रोलियम पदार्थांची नलिका जात असल्याने रहिवाशांचा विरोध तीव्र होता. तेथे आघात-अहवाल कंपनीने नव्हे, तर बेलव्ह्यूच्या पुढाकाराने शहरांनी तयार करवून घेतला. तो 2018 मध्ये पूर्ण झाला. परवाना प्रत्येक शहराने स्वतंत्रपणे द्यायचा होता. बेलव्ह्यूने सुनावण्या घेऊन 2019 मध्ये पहिल्या टप्प्याला मान्यता दिली. विरोधकांची हार झाली; परंतु मागणी खरोखर वाढते आहे का, पर्याय कोणते, खांब किती उंच, या प्रश्नांची उत्तरे कंपनीला सर्वांसमोर द्यावी लागली.

आपल्याकडे चर्चा बहुधा भरपाईपाशी येऊन थांबते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीसाठी 85 टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के दर होता. जून 2024 मध्ये तो अनुक्रमे 200 आणि 30 टक्के झाला, आणि मार्च 2025 मध्ये महापालिका क्षेत्रांतील पट्ट्यासाठी 60 टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. या सूचना मुख्यतः आंतरराज्य वाहिन्यांसाठी आहेत. राज्यांतर्गत वाहिन्यांचे धोरण राज्याने ठरवायचे. रक्कम अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. हा सारा हिशेब जमिनीच्या मूल्यावर मांडलेला आहे. चौथ्या मजल्यावरच्या ज्या खिडकीसमोर तारा आल्या, त्या सदनिकेच्या घसरलेल्या किमतीसाठी त्यात स्वतंत्र रकाना नाही.