राणीसावरगावहून अंबाजोगाई: दवाखान्याच्या कामाचा एक दिवस

पहाटे पाच

आमच्या राणीसावरगावचा माणूस अंबाजोगाईला जातो तो फिरायला नाही. दवाखाना असतो, नाहीतर पोरांच्या कॉलेजचं काम. पण एवढा घाट चढून जायचं आणि दिवसभर व्हरांड्यात बसून परत यायचं, याचं मला फार वाईट वाटतं. कामाच्या मधल्या वेळात ते गाव बघून होतं.

पिशवी रात्रीच भरलेली असावी. जुने केसपेपर, एक्स-रे, आधार, रेशन कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर या कागदांवाचून काम अडतं. सोबत ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तेव्हा आजीचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.

सात

गंगाखेड, तिथून परळी, मग अंबाजोगाई. परळी सुटली की रस्ता बालाघाट चढू लागतो. गाडी लागणाऱ्याला पुढच्या बाजूला खिडकीशी बसवा.

नऊ

स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. बाह्यरुग्ण विभागाचं सगळं काम सकाळचं असतं, रविवारी तो बंद. त्यामुळे उतरल्या उतरल्या आधी केसपेपरची खिडकी गाठायची, चहा मागाहून.

"मावशी, पेपर काढला का?"

"पोरगं उभंय की रांगेत. तुमचा नंबर आमच्या मागं धरा."

अशी ओळख रांगेतच होते. एकट्याने पेशंट घेऊन जाऊ नये. एकजण रांगेला, एकजण पेशंटजवळ हवा. डॉक्टर तपासतात, रक्त-लघवी लिहून देतात, फिल्मला पाठवतात. कुठल्या खोलीत जायचं ते समजलं नाही तर पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींना विचारा, ते सांगतात. त्यांच्यातली कितीतरी आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेली असतात. हे महाविद्यालय 1974 साली निघालं आणि त्याच्या नावातच 'ग्रामीण' शब्द घातला. ज्यांचं नाव दिलं ते स्वामीजी याच गावच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. पुढे हैदराबाद मुक्तीचा लढा त्यांनी उभा केला. निझामाच्या राज्यात शाळेसाठी झिजलेल्या माणसाचं नाव दवाखान्याला आहे, हे पोरांना रांगेतच सांगून टाकावं.

बारा

रिपोर्ट दुपारनंतर मिळतो. पेशंटला चालवत असेल तर रिक्षा करून योगेश्वरीला जा. कोकणस्थांची ही कुलदेवी, म्हणून पार कोकणातून माणसं इथे येतात. मार्गशीर्षात देवीचं नवरात्र असतं, तेव्हा गर्दी धरून चाला. जवळच हत्तीखाना. खडकात कोरलेली लेणी आणि दगडी हत्ती पाहून लहान पोरं हलायचं नाव घेत नाहीत.

दोन

भाकरी खाऊन पुन्हा दवाखाना. रिपोर्ट दाखवा, औषधं घ्या, गोळी जेवणाआधी की नंतर ते विचारून घ्या. पुढची तारीख कागदावर लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका. दाखल करून घेतलं तर एकाने थांबायचं, बाकीच्यांनी परतायचं.

तीन

आता मुकुंदराज. गावाबाहेर बालाघाटाची दरी आहे, तिच्यात समाधी. पायऱ्या उतरून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्याने वरूनच हात जोडावेत. शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी. खाली झाडी दाट, वारं गार. पावसाळ्यात समोरच्या कड्यावरून पाणी कोसळतं आणि पायऱ्या निसरड्या होतात. चप्पल बघून घाला. संतकवी दासोपंतांची चाळीस फुटी पासोडी याच गावात जपली आहे. कापडावर लिहिलेला एवढा मोठा मराठी ग्रंथ, आणि आमच्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे? ती पाहायची तर आधी विचारून जावं लागतं. ते पुढच्या खेपेला.

साडेचार

बसस्थानक. परतीची गाडी सकाळी उतरतानाच विचारून ठेवलेली बरी. परळीहून गंगाखेडला रेल्वेही आहे, पण तिच्या वेळेवर विसंबू नका. खरी अडचण गंगाखेडच्या पुढे आहे. राणीसावरगावची शेवटची गाडी चुकली की जीप शोधत बसावं लागतं, आजारी माणूस बाकावर अवघडतो. दिवस मावळायच्या आत परळी सोडलेली असावी.

रात्री

घरी आल्यावर पिशवी रिकामी करू नका. आजचा केसपेपर जुन्यावर ठेवून पिशवी खुंटीला तशीच अडकवा, तारखेला उचलून निघता येतं.