गावच्या दुकानाचे भांडवल

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात दूरदूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी स्वीकारली. तरीही सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळशी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरूनच विकली जाते. तीच पुढे मजुराला व शहरातील कुटुंबाला चढ्या भावाने विकत घ्यावी लागते. पिकविणारा व खाणारा यांनी मिळून स्वतःचे दुकान चालविणे, हा या स्थितीवरील एक चांगला उपाय होय. परंतु अशा दुकानाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो पैशाचा.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या आरंभी दरसाल दरडोई एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाच्या मूठमूठ धान्याने आधार दिला. इंग्लंडमधील रॉचडेल या विणकरांच्या गावी २८ सभासदांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स साठवून २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या जिनसांचे दुकान उघडले. मुंबईच्या गिरणगावात, नायगाव येथे, १९४८ साली अपना बाजारची सुरुवात झाली, तीही कामगारांच्या सहकारातूनच.

या उदाहरणांतील मर्म ध्यानात घ्यावयास हवे. थोडी रक्कम पुष्कळांकडून घेतली, तर पैशाबरोबर गिऱ्हाईकही मिळते. ज्याचा भाग दुकानात आहे, तो खरेदीला तेथेच येतो व हिशोबही विचारतो. एखाद्या धनिकाच्या देणगीवर उघडलेल्या दुकानाला हे दोन्ही लाभत नाही.

भांडवल मागण्यापूर्वी गरजेचा अंदाज मांडावा. उदाहरणादाखल, आसपासची गावे व तालुक्याचे ठिकाण मिळून २०० कुटुंबांनी प्रत्येकी १,००० रुपयांचे भाग घेतले, असे धरू. जमले २ लाख रुपये. कणग्या, मांडण्या, वजनकाटा व जागेची अनामत यांसाठी ६०,००० रुपये, मालासाठी १ लाख, आणि अडचणीसाठी बँकेत ४०,००० अशी वाटणी करता येईल. ज्यांना रोख देणे जमत नाही, त्यांचे धान्य सुगीत मापून घ्यावे व त्याची किंमत भागखाती जमा करावी. गरीब कुटुंबासाठी हप्ते पाडून द्यावेत.

येथेच पुष्कळांचा अंदाज चुकतो. किराणा महिन्याच्या महिन्याला भरता येतो. ज्वारी मात्र वर्षाची एकदाच घ्यावी लागते. दोनशेपैकी १०० कुटुंबे वर्षाला प्रत्येकी २ क्विंटल ज्वारी विकत घेणारी असली, तर २०० क्विंटल लागतील. भाव क्विंटलला ३,००० रुपये धरला, तरी सुगीत ६ लाख रुपये हाती हवेत. भागाच्या पैशातून एवढी रक्कम निघणे शक्य नाही.

ती चार वाटांनी उभारावी. खाणाऱ्या कुटुंबांनी संक्रांतीच्या सुमारास मागणी नोंदवून प्रत्येकी १,५०० रुपये आगाऊ दिले, तर दीड लाख जमतील. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एकत्र मागणी नोंदवून घाऊक खरेदी करीत आली आहे. तिचा हा पाठ घेण्यासारखा आहे. मालासाठी राखलेले १ लाख रुपये त्यात पडतील. ज्या उत्पादकांना थांबणे परवडते, त्यांचे २ लाख रुपये लेखी करार करून दिवाळीपर्यंत दुकानाकडे राहू द्यावेत. उरलेल्या दीड लाखापुरतेच कर्ज काढावे. ज्या शेतकऱ्याला पैशाची तातडी आहे, त्याने पडत्या भावात माल विकण्यापूर्वी बाजार समितीकडे शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी.

सरकारी साहाय्य जरूर घ्यावे. परंतु ते स्वतःच्या भांडवलाला जोड म्हणून. २०२० साली सुरू झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, व संघटनेस कमाल १५ लाखांपर्यंत, समभाग अनुदानाची तरतूद करण्यात आली. तेही सभासदांनी जेवढे भरले तेवढ्याच प्रमाणात. गावात विविध कार्यकारी सोसायटी असेल, तर नवी संस्था काढण्यापूर्वी तिचा विचार करावा. २०२३ च्या आदर्श उपविधींनी प्राथमिक सोसायट्यांना पंचवीसहून अधिक व्यवसायांची वाट मोकळी केली आहे.

पैसा गोळा करताना काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. रक्कम कोणाच्याही घरी न ठेवता संस्थेच्या नावे बँकेत भरावी. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. दुकान न निघाल्यास पैसे कसे परत मिळतील, हे आधीच लिहून ठेवावे. मोठ्या नफ्याचे आमिष दाखवू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीस जातो, आणि लाभांश १५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही.

शेवटचे पथ्य उधारीचे. दोनशे कुटुंबांकडे प्रत्येकी ५०० रुपये अडकले, की मालासाठी राखलेले पूर्ण १ लाख रुपये वहीतच राहतात व मांडण्या रिकाम्या होतात. रॉचडेलच्या दुकानाने रोखीचा नियम केला, तो याच कारणाने. अडल्यानडल्यासाठी वेगळा लहान निधी ठेवावा. दुकानाचे भांडवल त्यासाठी मोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामास पेरणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हात घालावा. घरोघर जाऊन दोनच प्रश्न विचारावेत: भाग किती घेणार आणि धान्य किती विकत घेणार? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे पुरेशी आली नाहीत, तर पहिल्याचे पैसे घेऊ नयेत. ती पुरेशी आली, तर पुढील सुगीत गावची ज्वारी गावच्याच कणगीत पडण्यास अडचण नाही.