पैलवानाची तरफ

गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला एक विद्यार्थी उजवा हात गळ्यात अडकवून आला. घाटात दुचाकी घसरली असेल, असे मला वाटले. चौकशी केली तेव्हा खरी हकीकत बाहेर आली. मोबाईलवर मिश्र युद्धकलेची, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, एक आंतरराष्ट्रीय झुंज पाहून त्यातला ‘आर्मबार’ नावाचा डाव दोघा मित्रांनी अंगणात करून पाहिला होता. “सर, त्याने फारसा जोरसुद्धा लावला नव्हता,” तो म्हणाला.

त्याला रागवण्याचा मला फारसा अधिकार नव्हता. मी स्वतः या झुंजींचा जुना शौकीन आहे. अमेरिकेत शनिवारी रात्री होणारी झुंज आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते, आणि त्या वेळी माझ्यापुढचा चहा निवून जातो ही पोफळीतल्या आमच्या घरातली नेहमीची तक्रार आहे. पण ‘फारसा जोर लावला नव्हता’ हे वाक्य पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने सोडून देण्यासारखे नव्हते. थोड्या जोराने एवढी इजा कशी झाली?

विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर शोधण्यासाठी आपण कुंभार्ली घाट चढून पलीकडे कऱ्हाडला जाऊ. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधव यांचे गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत तयार झालेल्या या मल्लाला तिथल्या गादीची सवय नव्हती. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे ५७ किलोग्रॅमच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

‘ढाक’ हा खाशाबांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताचा विळखा घालायचा, झटकन वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली सरकवायची आणि त्याला कमरेवरून पुढे फेकायचे. पाहणाऱ्याला वाटते, काय ही ताकद! पण थोडे गणित करून पाहू. माणूस ताठ उभा असताना त्याचा गुरुत्वमध्य साधारणपणे बेंबीच्या आसपास असतो. ५७ किलोग्रॅमच्या मल्लाचे वजन सुमारे ५६० न्यूटन भरते. तुमची कंबर हा टेकू समजा. त्याचा गुरुत्वमध्य या टेकूपासून १० सेंटिमीटर मागे आहे आणि त्याची मान टेकूपासून ५० सेंटिमीटर अंतरावर आहे, असे धरू. त्याला कलंडू न देणारे आघूर्ण ५६० गुणिले ०.१, म्हणजे ५६ न्यूटन-मीटर. ते भागिले ०.५ केले की मानेवर लावावे लागणारे बल मिळते : ११२ न्यूटन. पाण्याने भरलेली बादली उचलायला जेवढा जोर लागतो, जवळजवळ तेवढाच! आता कंबर नीट आत गेली नाही आणि गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर दूर राहिला असे समजा. लागणारे बल तिप्पट होते. वस्ताद ‘आत शीर, आत शीर’ म्हणून ओरडत असतात ते याच २० सेंटिमीटरांसाठी.

आमच्या गावच्या मुलांना मी हेच पेल्टन चाकावरून सांगतो. जे कोयनेचे पाणी एरवी कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते, त्यातलेच काही धरणातून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. तिथे पाण्याची धार चाकाच्या आसावर मारत नाहीत, परिघावरच्या वाट्यांवर मारतात. धार तीच, पण आसापासून दूर लागली की फिरवण्याची शक्ती वाढते. पैलवान मान धरतो, खांदा धरत नाही, त्याचे कारणही हेच.

मग बचाव कसा करायचा? पाय फाकून, गुडघ्यांत वाकून. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि पायांमधला आधाराचा पाया रुंद होतो. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा या पायाबाहेर गेली की तोल गेलाच. करून पाहा : भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायांपुढचे नाणे उचला. पुढे वाकताना कंबर मागे न्यायला भिंत जागा देत नाही, आणि नाणे तिथेच राहते.

आता पुन्हा त्या आर्मबारकडे येऊ. हेलसिंकीत खाशाबा ज्याच्याशी हरले तो जपानचा सुवर्णपदक विजेता शोहाची इशी मूळचा ज्युदोपटू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. त्याच ज्युदोची एक शाखा मित्सुयो माएदा याने त्याआधीच ब्राझीलला नेली होती आणि तिथे ग्रेसी कुटुंबाने ती वाढवली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे मिश्र युद्धकलेची यूएफसी ही स्पर्धा प्रथम झाली, तेव्हा वजनगट नव्हते. सुमारे ८० किलोग्रॅमच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना हरवले. त्यांतले दोघे तर त्याच्यापेक्षा १५ ते २० किलोग्रॅमने जड होते.

आर्मबारमध्ये खाली पडलेल्याचा हात मांड्यांमध्ये पकडून कोपर आपल्या कमरेवर टेकवतात आणि मनगट मागे ओढतात. कोपर हा टेकू. मनगट तिथून २५ सेंटिमीटरवर, आणि सांधा जागेवर धरणाऱ्या स्नायुबंधांची भुजा जेमतेम अडीच सेंटिमीटर धरू. म्हणजे दहापट! मनगटावर २०० न्यूटन बल लावले तर स्नायुबंधांवर २००० न्यूटन ताण येतो. सिमेंटच्या चार गोण्या टांगल्यासारखेच ते. आणि ओढणारा नुसते दंड वापरत नाही. पाठ आणि मांड्यांचा जोर लावतो. ‘फारसा जोर लावला नव्हता’ हे अगदी खरे होते.

तरफेची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. बल दहापट होते तेव्हा अंतर दहाव्या हिश्शाने उरते. मनगट ५ सेंटिमीटर हलले तर सांध्यापाशी जेमतेम अर्धा सेंटिमीटर हालचाल होते. कळ उठेपर्यंत थांबलात तर पुढचे अंतर फारच थोडे असते. म्हणूनच त्या स्पर्धांत हाताने थोपटून शरणागती देण्याची सोय आहे, आणि थोपटताच पंच झुंज थांबवतो. मोठमोठे विजेते थोपटतात. आमच्या अंगणात पंच नव्हता. आणि तीन मित्र बघत होते म्हणून याने थोपटले नाही.

हात बरा झाल्यावर हे सगळे गणित मी त्याच्याकडून फळ्यावर करून घेतले. त्याने ते चोख सोडवले आणि लगेच विचारले, “सर, मग गळा आवळल्यावर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध का पडतो?” तिथे तरफेपेक्षा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा संबंध अधिक आहे, असे सांगून मी त्याला जीवशास्त्राच्या सरांकडे पाठवले, आणि प्रयोग करून पाहायचा नाही असे आधी कबूल करून घेतले.