जेवण पोटात, परिणाम हृदयावर

पंचाहत्तरीतले आजोबा पोटभर वरणभात जेवून हात धुवायला उठतात आणि बेसिनपाशी भिंतीला टेकतात. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. घरचे म्हणतात, 'झापड आली असेल.' तेव्हाच बीपी मोजलं, तर वरचा आकडा जेवणाआधीपेक्षा 20 किंवा त्याहून जास्त खाली आलेला सापडू शकतो. जेवणानंतर दोन तासांत असं घडणं हा वैद्यकशास्त्रात नोंदलेला विकार आहे. उतारवयात तो बऱ्याच जणांना असतो, मधुमेह आणि पार्किन्सनच्या रुग्णांना विशेष.

अन्न आतड्यात उतरलं की तिकडचा रक्तपुरवठा वाढतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तात संप्रेरकं सोडतात आणि त्यातली काही तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतात. तरुणपणी त्याची भरपाई म्हणून हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या वाहिन्या आवळतात, आणि कुणाला काही कळतही नाही. म्हातारपणी ही सावरासावर मंदावते. आतड्याची संप्रेरकं दाबून ठेवणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध दिलं, तर बीपीची ही घसरण टळते. दोष एकट्या हृदयाचा नाही, हे त्यावरून कळतं.

मात्र सगळी संप्रेरकं एकाच दिशेला ओढत नाहीत. आतड्याच्या शेवटच्या भागातून येणारं जीएलपी-1 जठर सावकाश रिकामं करतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी ज्येष्ठांना ते शिरेतून दिलं, तेव्हा ग्लुकोज प्यायल्यावरची बीपीची घसरण कमी झाली.

योगायोग असा, की आतडं आणि हृदय या दोन्ही अवयवांच्या अभ्यासात एकच नाव भेटतं. 1902 मध्ये लंडनला अर्नेस्ट स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस पाझरलाच! निरोप रक्तातून गेला होता. तो नेणारं संप्रेरक म्हणजे सिक्रेटिन. पुढे याच स्टार्लिंगनी हृदयाचा नियम मांडला: हृदय जितकं भरेल, तितक्या जोराने ते आकुंचन पावेल.

वार्धक्यात गाडी अडते ती नेमकी या भरण्यापाशी. स्नायू ताठरतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पुरेसा सैल होत नाही. इकोच्या रिपोर्टात 'ईएफ 60 टक्के', म्हणजे पंपाची ताकद ठीक, असं वाचून घरचे निर्धास्त होतात, पण आजी मात्र जिन्याच्या मधल्या पायरीवर धापा टाकत थांबलेल्या असतात. हेही हार्ट फेल्युअरच.

अशा हृदयाच्या 529 स्थूल रुग्णांवरची सेमाग्लुटाइडची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्मे रुग्ण 69 च्या पुढचे होते. शरीरातलं जीएलपी-1 दोनेक मिनिटांतच निम्मं उरतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, आठवड्यातून एकदा टोचली तरी पुरते. वर्षभरानंतर त्रास कमी झाला, आणि सहा मिनिटांत चालून होणारं अंतर औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 20 मीटरनी जास्त वाढलं. आकडा छोटा वाटेल. पण घरातल्या घरात दम लागणाऱ्या माणसाला वीस मीटरचं मोल विचारा. त्यातलं श्रेय वजन उतरल्याला किती आणि संप्रेरकाला किती, हा वाद मिटलेला नाही.

ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकदच खालावली आहे, त्यांना हे लागू करू नये. त्याच कुळातल्या लिराग्लुटाइडची अशा 300 रुग्णांवर चाचणी झाली होती. 2016 मध्ये निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. हार्ट फेल्युअर हे नाव एकच असलं, तरी आजार दोन आहेत.

मला जास्त धास्ती वाटते ती स्नायूंची. ही इंजेक्शनं भूक मारतात, आणि उतरलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातो. वजनकाट्यावर तो फरक दिसत नाही. म्हणून सत्तरीच्या माणसाने इंजेक्शन सुरू केलं असेल, तर ताटातली डाळ, अंडी, दही सुटत नाहीत ना आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं ना, हे दर महिन्याला पाहावं. आणि जेवणानंतर चक्कर येत असेल, तर जेवणाआधी व जेवणानंतर तासाभराने बीपी मोजून दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवावेत. बीपीची गोळी चालू असेल, तर तिची वेळ बदलायची का, हे तेच ठरवतील.